वाचकांचे प्रश्न : पेशीला धोका कसा कळतो?

गेल्या महिन्यात या सदरात ऑक्सिडीकरणाच्या ताणाविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात त्याविषयी, थोडक्यात लिहिले होते. ताण वाढला की पेशी आपली संरक्षक जनुके कामाला लावते, असे एक वाक्य त्यात होते. कोल्हापूर आणि परिसरातून आलेल्या बहुतेक पत्रांनी नेमके तेच वाक्य उचलून पुढचे विचारले आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशीला डोळे नाहीत आणि मेंदूही नाही. मग ताण वाढला हे तिला कळते कसे, आणि कळलेली गोष्ट केंद्रकातल्या डीएनएपर्यंत पोचते कशी? (कसबा बावडा)

उत्तर : या विषयाचा गाभाच तुम्ही विचारला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक प्राणवायू पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये खर्च होऊन त्याचे पाणी होते. इलेक्ट्रॉनांच्या या देवाणघेवाणीत थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात, प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारे विकर ओळखले. जिवंत पेशीत हे विकर आहे, म्हणजे हा धोका तिच्या रोजच्या जगण्याचाच भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. या विकरामुळे सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि मग कॅटॅलेजसारखी इतर विकरे त्याचे पाणी करतात. तयार होणे आणि निकामी करणे यांचा मेळ बसलेला असतो तोवर काही बिघडत नाही. धूर, विषारी रसायने, संसर्ग, औषधाची मोठी मात्रा अशा कारणांनी तो मेळ बिघडला की त्या स्थितीला ताण म्हणायचे.

आता कळण्याविषयी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना सांगायला नकोत. पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी आली की आपले लक्ष पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या फुटांकडे लागते, ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. त्या दरवाजांजवळ उभे राहून पाणी वाढले, आता उघडा, असा हुकूम देणारा माणूस लागत नाही. वाढलेले पाणी स्वतःच्या जोराने दरवाजा हलवते, म्हणजे पातळी जाणणारा आणि हलणारा एकच. पेशीतही जाणणारे आणि हलणारे एकच प्रथिन आहे. त्याचे नाव कीप-१.

माणसाच्या कीप-१ मध्ये ६२४ अमिनो आम्ले असून त्यांपैकी २७ सिस्टीन आहेत. सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा अणू असतो, आणि कीप-१ मधील काही सिस्टीनांचा गंधक विलक्षण तत्पर असतो. पेरॉक्साइड जवळ आले की या गंधकाचे ऑक्सिडीकरण होते, इलेक्ट्रॉनांसाठी हपापलेले एखादे रसायन आले तर ते थेट या गंधकाशी बांधले जाते, आणि प्रथिनाचा आकार किंचित बदलतो. १५१ व्या जागेवरचा सिस्टीन यात विशेष महत्त्वाचा मानला जातो. पेशीचे ‘कळणे’ ते एवढेच: धोकादायक रेणूने आपल्या हाताने लावलेली एक रासायनिक गाठ.

धरणाचा दाखला मात्र इथेच सोडावा लागतो, कारण पुढची रचना त्याच्या उलट आहे. धरणात धोक्याच्या वेळी वाट मोकळी होते, तर पेशीत धोक्याच्या वेळी वाट बंद होते. एनआरएफ-२ नावाचे दुसरे एक प्रथिन पेशी सतत तयार करत असते. एरवी कीप-१ त्याला दोन ठिकाणी पकडून ठेवते आणि कल-३ या सोबत्याच्या मदतीने त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते. अशी खूण लागलेले प्रथिन पेशीच्या मोडणाऱ्या यंत्रणेत जाते. त्यामुळे एनआरएफ-२ चे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे मोडले जाण्याचा काळ, जेमतेम २० मिनिटांचा. कीप-१ चा गंधक बांधला गेला की ही खूण लागणे थांबते. जुने एनआरएफ-२ अडकूनच राहते, पण नव्याने तयार होणाऱ्याला कोणी मोडत नाही. ते साठते आणि केंद्रकात शिरते.

सतत बनवायचे आणि लगेच मोडायचे, ही उधळपट्टी कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर वेळेत आहे. धोका आल्यावर जनुक वाचायला घेऊन प्रथिन बनवण्यात जो वेळ जातो, तो पेशीजवळ नसतो. आधीपासून बनत असलेल्या प्रथिनाचे मोडणे थांबवले की काही मिनिटांत साठा उभा राहतो.

केंद्रकात एनआरएफ-२ ला एकट्याने काम करता येत नाही. लहान मॅफ कुळातील एखाद्या प्रथिनाशी जोडी जमवून ते डीएनएवरच्या एका ठराविक आखूड अक्षरमालिकेवर बसते. शास्त्रज्ञ तिला अँटिऑक्सिडंट प्रतिसाद घटक म्हणतात. ही मालिका एका जनुकासमोर नसून शेकडो जनुकांसमोर आहे, आणि या व्यवस्थेचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याच कारणाने. ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू बनवणारी विकरे, विषारी रेणूंना ग्लुटाथायोन जोडून बाहेर घालवणारी विकरे, मोकळे लोह कोंडून ठेवणारे फेरिटिन, रक्ताला लाल रंग देणारे हीम मोडणारे हीम ऑक्सिजनेज, या सर्वांची जनुके गुणसूत्रांवर एकमेकांपासून दूर विखुरलेली असली तरी दारावरची पाटी एकच असल्याने एका निरोपावर सगळी कामाला लागतात.

हीम ऑक्सिजनेजचे काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. दंडावर मुका मार बसला की आधी काळे-निळे पडते, काही दिवसांनी कडा हिरवट होतात आणि शेवटी पिवळसर छटा उरते. सांडलेल्या रक्तातले हीम मोडून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन होते, त्याचे हे रंग. इथे बॅक-१ नावाचे आणखी एक प्रथिन भूमिका बजावते. एरवी ते या जनुकाच्या पाटीवर बसून ते दाबून ठेवते. हीम वाढले की हीमच बॅक-१ ला चिकटते, ते पाटीवरून उठते आणि एनआरएफ-२ ला जागा मिळते. इथेही निरोप्या वेगळा नाही, ज्या पदार्थाची विल्हेवाट लावायची तोच निरोप घेऊन येतो.

हा शोध टप्प्याटप्प्याने लागला. युएत वाइ कान यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये एनआरएफ-२ शोधले ते हिमोग्लोबिनच्या जनुकांचा अभ्यास करताना. तेव्हा ताणाशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात नव्हता. जपानमधील मासायुकी यामामोटो यांच्या गटाने १९९७ मध्ये विषहारक विकरांशी त्याचे नाते दाखवले आणि १९९९ मध्ये कीप-१ समोर आणले.

ताण ओसरल्यावर व्यवस्था पूर्वपदावर यावी लागते. नवे कीप-१ तयार होते, पुन्हा पकड बसते, केंद्रकातले एनआरएफ-२ इतर मार्गांनीही मोडले जाते. हे बंद होणे किती आवश्यक आहे ते उंदरांनी दाखवले. ज्या उंदरांमध्ये कीप-१ चे जनुकच काढून टाकले, ती पिल्ले दूध तुटण्याचे वय गाठायच्या आत मेली, कारण अन्ननलिकेचे आणि जठराच्या सुरुवातीच्या भागाचे अस्तर इतके जाड व कठीण झाले की पोटात पुरेसे अन्न जाईना. त्याच उंदरांमधून एनआरएफ-२ ही काढून टाकल्यावर ती जगली. एनआरएफ-२ नसलेले उंदीर वाढतात, त्यांना पिल्लेही होतात, मात्र पॅरासिटामॉलच्या ज्या मात्रेतून साधे उंदीर निभावतात त्या मात्रेत त्यांचे यकृत निकामी होते. म्हणजे संरक्षण नसलेला उंदीर संकट येईपर्यंत जगतो, पण ज्याचे संरक्षण कधी थांबतच नाही तो संकटावाचूनही मरतो.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून तालमीत मेहनत करतो. पहाटे जोर-बैठका, मग लढती. व्यायामाने फ्री रॅडिकल वाढतात, म्हणून मेहनतीनंतर रोज क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या द्याव्यात, असे एका परिचिताने सांगितले. द्याव्यात का? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : डॉक्टरांनी कमतरता पाहून सांगितल्याशिवाय देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेहनतीत स्नायूंमध्ये सुपरऑक्साइडसारखे फ्री रॅडिकल आणि त्यांच्यापासून होणारे पेरॉक्साइड वाढते हे खरे आहे. वर सांगितल्याप्रमाणे, योग्य प्रमाणातले पेरॉक्साइड हाच पेशीला मिळणारा निरोप असतो. तो मिळाला तर स्नायू स्वतःची विकरे वाढवतो, आणि ती विकरे एका गोळीसारखी एकदाच खर्च होत नाहीत. कॅटॅलेजचा एक रेणू अखंड काम करत राहतो, जीवनसत्त्वाचा रेणू एकदा वापरला की त्याला पुन्हा पूर्ववत करावे लागते. जर्मनीतील मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिले, काहींना दिले नाही. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि स्नायूंमधील संरक्षक विकरांच्या जनुकांचे काम वाढले. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हे दोन्ही लाभ दिसले नाहीत. नंतरच्या सर्वच अभ्यासांत फरक इतका ठळक आला नाही. पण गोळ्यांनी मेहनतीचे फळ वाढते, असेही त्यांतून निघालेले नाही.

आवळा, पेरू, लिंबू, पालेभाज्या यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाविषयी मी बोलत नाही, ते भरपूर खाऊ द्यावे. गोळ्यांच्या खर्चात बदाम आणि दूध येते. एक गोष्ट मात्र वस्तादांशी जरूर बोला. निरोप मिळाल्यावर विकरे तयार व्हायला आणि स्नायू सावरायला वेळ लागतो, तो विश्रांतीत आणि झोपेत मिळतो. पहाटे चारला उठणारा मुलगा रात्री अकरापर्यंत जागा राहत असेल, तर त्याची भरपाई कोणतीही गोळी करणार नाही.

प्रश्न : ब्रोकोलीच्या कोंबांमुळे पेशीतील संरक्षक जनुके जागी होतात असे वाचले. आमच्याकडे ब्रोकोली क्वचित मिळते आणि घरात कोणाला आवडत नाही. आपल्या स्वयंपाकातले काही असे काम करते का? हळदीविषयीही लिहावे. (इचलकरंजी)

उत्तर : ब्रोकोलीतील त्या पदार्थाचे नाव सल्फोराफेन. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलालय यांच्या गटाने १९९२ मध्ये तो वेगळा केला. तो कीप-१ च्या गंधकाला जाऊन चिकटतो, म्हणजे पेशीला सौम्य धोक्याची चाहूल देतो. तो स्वतः फ्री रॅडिकलशी लढत नाही, हे लक्षात ठेवावे.

याचा जवळचा नातलग तुमच्या घरात आहे आणि तुम्ही त्याला ओळखता. कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा काय होते ते आठवा. कोरड्या मोहरीचा दाणा चावला तर फारसा झणका लागत नाही. पाणी घालून ती घोटू लागले की काही क्षणांत वास उठतो, नाकात झिणझिण्या येतात, डोळ्यांत पाणी येते. दाण्यात ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. फेसताना कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होते. ब्रोकोली चावताना सल्फोराफेन असेच तयार होते, तेही आयसोथायोसायनेटच. मोहरीतला हा पदार्थ नाकातल्या ज्या चेतातंतूंना झोंबतो, तिथेही तो एका प्रथिनाच्या सिस्टीनलाच चिकटतो. आपल्याला झणका लागतो तो अशा रीतीने गंधकाला लागलेल्या गाठीचाच.

फोडणीत तडतडलेल्या मोहरीला हा झणका नसतो, कारण गरम तेलात विकर नष्ट होते. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल यांच्यातही याच कुळातले पदार्थ असतात आणि फार शिजवल्याने त्यांचेही तेच होते. म्हणून कोबीची पचडी, मुळ्याची कोशिंबीर, थोडी फेसलेली मोहरी घातलेले रायते हे आपले जुने पदार्थ या दृष्टीने चांगलेच आहेत. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातली तर मोहरीतले विकर उरलेले काम पूर्ण करते, हेही तपासून पाहिलेले आहे. मात्र यातून अमुक रोग टळतो असे मी लिहिणार नाही. माणसांवरचे बहुतेक प्रयोग लहान आहेत आणि आहारातून मिळणारी मात्रा प्रयोगातल्या अर्कापेक्षा बरीच कमी असते.

हळदीतील कुरक्युमिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये एनआरएफ-२ जागे करते. पोटातून रक्तात मात्र ते फारच थोडे उतरते. जेवणातली हळद चालू ठेवावी, तिच्या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला असून केमोथेरपी सुरू आहे. प्रतिकार वाढावा म्हणून ‘एनआरएफ-२ वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे एक पूरक आम्ही मागवले आहे. सुरू करावे का? (गडहिंग्लज)

उत्तर : कृपया सुरू करू नका. बाटली घेऊन वडिलांच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात दिल्या जाणाऱ्या इतर काढ्या-चूर्णांची माहितीही त्यांना द्या.

तुमची भावना मी समजू शकतो, म्हणून कारणही सांगतो. ही संरक्षण व्यवस्था निरोगी पेशीची असते तशीच कर्करोगाच्या पेशीचीही असते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांमध्ये कीप-१ किंवा एनआरएफ-२ च्या जनुकात बिघाड झालेला आढळतो. पकड सुटते, संरक्षक जनुके कायमची चालू राहतात, आणि केमोथेरपीची औषधे ज्या मार्गाने पेशी मारतात तोच मार्ग गाठीतल्या पेशी बंद करतात. अशा पेशीला आणखी बळ देणे कोणालाही नको असेल. वडिलांच्या गाठीत असा बिघाड आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, ते त्यांच्या तपासण्यांवरून डॉक्टरच पाहू शकतात.

पूरकांबाबत एक मोठा धडा १९९४ मध्ये मिळालेला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला.

याच मार्गावर काम करणारी खरी औषधे आहेत, पण ती ठराविक आजारांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. डायमिथिल फ्युमरेटला अमेरिकेत २०१३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी आणि ओमाव्हेलोक्सोलोनला २०२३ मध्ये फ्रीडरिक्स अटॅक्सिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारासाठी मान्यता मिळाली. त्याच कुळातल्या बार्डोक्सोलोनची मधुमेही मूत्रपिंडरुग्णांवरची मोठी चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रकार वाढले. इतक्या काळजीने केलेल्या औषधाचीही ही गत झाली, तर मात्रा न तपासलेल्या बाटलीवर विसंबू नये. वडिलांना पचेल ते घरचे ताजे जेवण आणि वेळेवर औषध एवढे तुम्ही सांभाळा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जनुक चालू होताना मुलांना दाखवता येईल असा एखादा सोपा प्रयोग आहे का? (कागल)

उत्तर : जनुक चालू होताना दाखवणे शाळेच्या साहित्यात शक्य नाही. पण त्या जनुकाने बनवलेले विकर काम करताना अगदी स्पष्ट दाखवता येते, आणि चालू होण्याची गोष्ट त्यासोबत सांगता येते.

गोष्ट जिवाणूंची सांगावी. १९८५ मध्ये ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की साल्मोनेला जिवाणूंना आधी पेरॉक्साइडची अगदी थोडी मात्रा दिली, तर नंतर दिलेल्या मारक मात्रेतून ते वाचतात. पहिल्या मात्रेने त्यांच्यातली संरक्षक प्रथिने वाढलेली असतात. तिथे कीप-१ नाही. ऑक्सी-आर नावाचे प्रथिन आहे. त्याच्या दोन सिस्टीनांमधील गंधक एकमेकांशी जोडले जातात आणि ते जनुके चालू करते, त्यांत कॅटॅलेजचे जनुकही असते. जिवाणू आणि माणूस यांच्यात एवढे अंतर असूनही दोघांनी धोका ओळखायला गंधकच निवडला, हे मुलांना ऐकायला आवडेल.

प्रयोगासाठी औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणावी. ती सहसा ६ टक्क्यांची असते, तिच्यात तेवढेच पाणी घालावे. हे काम शिक्षकांनी हातमोजे आणि चष्मा घालून करावे, मुलांच्या हाती बाटली देऊ नये. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या दोन फोडी करून एक कच्ची ठेवावी, दुसरी दहा मिनिटे उकळून गार करावी. दोन परीक्षानळ्यांत एकेक फोड टाकून दोन्हींत सारखेच द्रावण ओतावे. कच्च्या फोडीवर लगेच बारीक बुडबुडे धरतात आणि पांढरा फेस वर चढू लागतो. तो कॅटॅलेजने पेरॉक्साइडमधून मोकळा केलेला प्राणवायू असतो, आणि फेसात धरलेली विझत आलेली उदबत्ती त्यात पुन्हा लखलखते. उकडलेल्या फोडीतले विकर मोडलेले असल्याने ती तशीच पडून राहते. तिसऱ्या नळीत तेवढीच कच्ची फोड किसून टाकली तर फेस आणखी जोरात येतो, कारण जास्त पेशी फुटतात. दर मिनिटाला फेसाची उंची मुलांना पट्टीने मोजायला लावावी आणि तिन्ही नळ्यांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.